टिलरचे इंजिन थकले, तर

पॉवर टिलर हे नाव आता आपल्याकडे नवे राहिलेले नाही. कोणी त्याला नुसते टिलर म्हणतो, कोणी हातट्रॅक्टर म्हणतो. पुढे इंजिन, मधे दोन चाके, मागे माती फोडणारी पाती, आणि त्याच्यामागे दोन दांडे धरून चालणारा माणूस. मोठा ट्रॅक्टर जिथे वळत नाही, त्या लहान खाचरात टिलर वळतो. भाताची चिखलणी, उसाची सरी, काजूची बाग, सगळीकडे तो चालतो.

हे यंत्र जपानात वाढले. तिथेही आपल्यासारखीच भाताची लहान लहान खाचरे आहेत. १९६७ साली बंगळूर येथे व्ही. एस. टी. कंपनीने जपानच्या मित्सुबिशी कंपनीशी भागीदारी करून टिलरचा कारखाना काढला. १९७३ साली केरळात सरकारी कारखाना निघाला. त्याचे नाव कामको. या दोन्ही ठिकाणचे टिलर आपल्या बाजूला पुष्कळ आले. काही तर पंचवीस-तीस वर्षांचे आहेत. अजून गोठ्याच्या कडेला उभे आहेत, आणि मृग जवळ आला की त्यांची आठवण होते.

यंत्र म्हातारे झाले म्हणजे सगळे एकदम म्हातारे होत नाही. सांगाडा टिकतो. दांडे टिकतात. गिअरची पेटी तेलात बुडालेली असते, ती जपली तर पुष्कळ वर्षे जाते. पहिले थकते ते इंजिन. मग मालकापुढे प्रश्न येतो. टिलर भंगारात घालायचा, की नुसते इंजिन बदलायचे? आणि बदलायचे तर ते घरी बदलता येईल काय?

घरी बदलता येते. अमेरिकेत घराभोवतीच्या बागेसाठी लहान चारचाकी ट्रॅक्टर असतात. त्या जुन्या ट्रॅक्टरांची इंजिनेही लोक आपल्या अंगणात बदलतात. टिलरचे काम तर त्याहून सोपे आहे. पण त्याआधी एक गोष्ट पाहावी लागते. इंजिन खरेच गेले आहे काय? आणि गेले असेल तर कशाने गेले? हे न पाहता पैसे घातले, तर नवे इंजिनही जुन्याच्याच वाटेने जाते.

आम्ही काही मिस्त्री नव्हे. जन्म शाळेत गेला. पण आमच्या रात्रीच्या वर्गात आजरा तालुक्याच्या चार वाड्यांतली माणसे बसतात. त्यांच्यातले निम्मेअधिक टिलर चालवतात. टिलरची पुस्तिका आम्ही वर्गात धड्यासारखी वाचली. एका जुन्या मिस्त्रींना दोन रात्री बोलावून आणले. त्यांनी दाखवले ते आम्ही लिहून घेतले. तेच इथे सांगतो.

इंजिन चालते कसे ते आधी समजून घेऊ. टिलरचे इंजिन डिझेलवर चालते. रुडॉल्फ डिझेल नावाच्या जर्मन इंजिनियरने असे इंजिन १८९७ साली चालवून दाखवले. त्याचेच नाव इंजिनाला पडले, आणि पुढे तेलालाही पडले. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी टाकावी लागते. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नाही. तिथे हवाच इतकी दाबतात, की ती तापून लाल विस्तवासारखी होते. सायकलला हवा भरताना पंपाचे टोक गरम लागते ना? तोच प्रकार. सिलिंडरमधली हवा साधारण सतरा-अठरा पट दाबली जाते, आणि ५०० अंशांच्या वर तापते. त्या तापलेल्या हवेत नॉझलमधून डिझेलचा फवारा पडला, की तो आपोआप पेटतो. त्या पेटण्याचा धक्का पिस्टनला बसतो, आणि पिस्टन चाक फिरवतो.

म्हणजे सगळा खेळ दाबाचा आहे. दाब निसटला, तर हवा तापत नाही. हवा तापली नाही, तर डिझेल पेटत नाही. ‘इंजिन थकले’ म्हणतात त्याचा अर्थ पुष्कळ वेळा एवढाच, की दाब कुठून तरी निसटतो आहे.

कुठून निसटतो ते कानाने कळते. डिझेलची कॉक बंद करावी. ॲक्सिलरेटरची कळ बंदच्या खुणेवर ठेवावी, म्हणजे इंजिन मधेच पेटणार नाही. मग दाब सोडायची कळ न उचलता हँडल हळूहळू फिरवावे. एका जागी हँडल अडते, जड लागते. तिथे दाब आहे. त्या जागी हँडल नेटाने धरून ठेवावे, आणि दुसऱ्या माणसाने कान देऊन ऐकावे. सायलेन्सरमध्ये सुस् आवाज आला, तर धूर बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह गळतो. हवेच्या गाळणीत आवाज आला, तर हवा आत घेणारा व्हॉल्व्ह गळतो. रेडिएटरच्या पाण्यात बुडबुडे आले, तर हेडखालची गॅस्केट गेली. आणि इंजिनात ऑइल ओततो त्या भोकातून फुसफुस आली, तर दाब पिस्टनच्या कडेने खाली उतरतो आहे. म्हणजे रिंगा किंवा लायनर झिजले.

या चारांपैकी पहिल्या तिघांसाठी इंजिन बदलायला नको. व्हॉल्व्ह काढून पेस्ट लावून घासून बसवतात. गॅस्केट नवी घालतात. एका दिवसाचे काम.

हे सांगायचे कारण आहे. आमच्या वर्गात एक बाई येतात. त्यांचे यजमान मुंबईला नोकरीला. शेत बाई आणि त्यांचे धाकटे दीर बघतात. एका वैशाखात त्यांचा टिलर सुरू होईना. दीर हँडल मारून मारून घामाघूम. तालुक्याच्या गावातल्या एका दुकानदाराने यंत्र न बघताच सांगितले, “इंजान संपलं वहिनी. नवं घ्या.” बाई वर्गात आल्या त्या गप्प गप्प. शेवटी म्हणाल्या, “गुरुजी, पाटल्या ठेवू म्हणते सोसायटीत. मृग आठ दिवसांवर आलाय. भात तर लावायलाच पाहिजे.” वर्गातली दोन मुले बॅटरी घेऊन त्यांच्या गोठ्यात गेली. हँडल धरले, कान लावला. सायलेन्सरमध्ये सुस्. मिस्त्रींनी दुसऱ्या दिवशी हेड उतरवले. व्हॉल्व्हच्या कडेला काजळी बसून तो नीट मिटत नव्हता. घासून बसवला. संध्याकाळी टिलर खाचरात. पाटल्या हातातच राहिल्या.

दुकानदार लबाड होता असे आम्ही म्हणत नाही. पण इंजिन विकणाऱ्याला इंजिनाची नाडी बघायला सवड कमी असते.

धुराकडेही बघावे. धूर बोलतो. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त आणि हवा कमी. गाळणी चोंदली असेल, नॉझल बिघडला असेल, किंवा इंजिनावर ताकदीबाहेर ओझे पडत असेल. निळा धूर म्हणजे इंजिनातले ऑइल जळते आहे. इथे मात्र रिंगा आणि लायनर यांचा संशय घ्यावा. पांढरा धूर म्हणजे डिझेल न पेटताच बाहेर येते आहे, किंवा पाणी आत शिरते आहे. गारठ्यात सकाळी सुरू करताना थोडा पांढरा धूर येतोच, त्याला भिऊ नये. इंजिन तापल्यावरही तो थांबला नाही, तर बघावे.

आता समजा, चौथी गोष्ट निघाली. दाब पिस्टनच्या कडेने जातो आहे. तरीसुद्धा घाई नको. बहुतेक टिलरच्या इंजिनात सिलिंडरच्या आत एक नळकांडे बसवलेले असते. त्याला लायनर म्हणतात. झिजायचे काम त्याचे. ते झिजले की काढून नवे घालता येते. लायनर, पिस्टन, पिन आणि रिंगा मिळून संच मिळतो. मिस्त्री त्याला किट म्हणतात.

लायनर किती झिजला, ते मोजायची एक सोपी रीत आहे. फीलर गेज नावाचा एक जुडगा मिळतो. त्यात पोलादाची पातळ पातळ पाने असतात. प्रत्येक पानावर त्याची जाडी कोरलेली असते. ०.३५ असे लिहिले असेल, तर एका मिलिमीटरचे शंभर भाग करून त्यातले पस्तीस. वहीच्या साध्या कागदाची जाडी साधारण ०.१० मिलिमीटर असते. म्हणजे साडेतीन कागद. एक नवी रिंग घ्यावी, ती लायनरमध्ये सरळ सरकवावी, आणि रिंगेची दोन टोके जिथे जवळ येतात तिथल्या फटीत ही पाने घालून बघावीत. नऊ सेंटिमीटरच्या लायनरात नव्या रिंगेची फट ०.३५ च्या आसपास असते. ती १.०० निघाली, तर फट ०.६५ ने वाढली. आता गणित आठवा. वर्तुळाचा घेर व्यासाच्या ३.१४ पट असतो. ०.६५ ला ३.१४ ने भागले की ०.२ येतात. म्हणजे लायनर व्यासात दोन कागद झिजला. दोन कागदांची झीज, आणि टिलर सुरू होत नाही! आमच्या वर्गात हे गणित सोडवले तेव्हा एक म्हातारबाबा म्हणाले, “आन् आमी म्हनत हुतो, पोराच्या हातात जोर न्हाई.”

मग पुरे इंजिन बदलायचे कधी? आमच्या मिस्त्रींनी तीन प्रसंग सांगितले. पहिला, इंजिनाचा सांगाडाच फुटला. आतला दांडा तुटून त्याने पेटीला भोक पाडले, किंवा पाणी भरून ठेवलेले इंजिन कुठे पडून चिरले. दुसरा, क्रँक शाफ्ट खलास झाला. क्रँक घासून पुन्हा गोल करता येतो. एका घासणीत पाव मिलिमीटर जाते, आणि तेवढी जाड बेअरिंग बाजारात मिळते. ०.२५, ०.५०, ०.७५, १.०० अशा त्याच्या पायऱ्या असतात. शेवटच्या पायरीनंतर काही उरत नाही. तिसरा प्रसंग, त्या इंजिनाचे सुटे भागच मिळेनासे झाले. हे आता वारंवार होते. बाहेरदेशाहून आलेली काही इंजिने स्वस्त म्हणून घेतली, आणि चार वर्षांनी त्यांचा एक नॉझलही मिळत नाही, असे पुष्कळांचे झाले आहे.

या तीनपैकी एक असेल, तर इंजिन बदलावे. आता कोणते आणावे?

लोक विचारतात, किती घोड्यांचे? घोड्यांची शक्ती म्हणजे एच. पी. ती बघावीच. पण तेवढीच बघून भागत नाही. वर्गातल्या एकांनी जुन्या बारा एच. पी.च्या जागी तसेच बारा एच. पी.चे दुसऱ्या कंपनीचे इंजिन आणले. बसले नीट. सुरूही झाले. पण टिलर पळायलाच लागला. मागचा माणूस धावतो आहे, पाती मातीवर नाचत आहेत, पट्टे जळल्याचा वास येतो आहे. पत्नी बांधावरून ओरडतात, “अवो, सोडा त्येला!” काय झाले होते? जुने इंजिन मिनिटाला २००० फेरे घेत होते. नवे २४०० घेत होते. पुली मात्र जुनीच लावलेली.

प्रत्येक इंजिनावर पत्र्याची एक पट्टी ठोकलेली असते. तिच्यावर एच. पी. आणि आर. पी. एम. लिहिलेले असते. आर. पी. एम. म्हणजे मिनिटाला किती फेरे. पट्टी इंग्रजीत असते, आकडेही इंग्रजी. पण आकडे दहाच आहेत. घरात शाळकरी मूल असेल तर त्याच्याकडून ते शिकून घ्यावेत. यंत्र घेणाऱ्या माणसाला ते पुष्कळ कामी येतात.

फेरे वेगळे असले, तर पुली बदलून जमवता येते. हिशेब असा. जुन्या इंजिनाचे फेरे गुणिले जुन्या पुलीचा व्यास. येईल त्याला नव्या इंजिनाच्या फेऱ्यांनी भागा. म्हणजे नव्या पुलीचा व्यास मिळतो. जुने फेरे २०००, जुनी पुली १२० मिलिमीटर. गुणाकार २,४०,०००. भागिले २४००. उत्तर १००. म्हणजे १०० मिलिमीटरची पुली पाहिजे. त्या गृहस्थांनी तालुक्याला लेथवाल्याकडून तेवढी पुली करून घेतली, आणि टिलर पुन्हा माणसात आला. पुली आधी मोजली असती तर पट्ट्यांचा एक जोड वाचला असता.

दुसरी गोष्ट, फिरण्याची दिशा. फ्लायव्हील म्हणजे बाजूचे जड चाक. त्याच्यासमोर उभे राहून जुने इंजिन कोणत्या अंगाला फिरते ते बघून ठेवावे. पुष्कळदा चाकावर बाण असतो. नवे इंजिन त्याच अंगाला फिरले पाहिजे. उलटे फिरणारे बसवले, तर पुढे जायचे सहा गिअर मागे जाऊ लागतील, आणि मागचे दोन पुढे! ऐकताना हसू येते, पण अंगावर यंत्र आले म्हणजे हसू येत नाही.

तिसरी, बैठक. इंजिन चार बोल्टांवर बसते. त्या चार भोकांमधले अंतर लांबीला आणि रुंदीला मोजावे. बैठकीपासून फिरत्या दांड्याच्या मध्यापर्यंतची उंची मोजावी. पुली कोणत्या अंगाला येते ते बघावे. हे सगळे कागदावर लिहून, तो कागद खिशात घालूनच बाजारात जावे.

आणि वजन. टिलरचे इंजिन सव्वाशे किलोच्या आसपास असते. ते चाकांच्या पुढे असते, आणि त्याच्या वजनावर सगळ्या यंत्राचा तोल असतो. फार जड इंजिन घातले तर नाक चिखलात रुतते. फार हलके घातले तर पुढचा भाग उचलतो. कोणी कोणी स्वस्तात मिळते म्हणून पेट्रोलचे लहान इंजिन बसवतात. ती इंजिने मिनिटाला ३६०० फेऱ्यांपर्यंत फिरणारी आणि वजनाने हलकी असतात. फवाऱ्याला, पाण्याच्या पंपाला ती ठीक. जुन्या डिझेल टिलरच्या पुढे ती बसवू नयेत असे आमचे मत आहे. बारा घोड्यांच्या जागी अठरा घोड्यांचे बसवायचा मोहही होतो. जुन्या गिअरपेटीचे दात बाराच्या हिशेबाने केलेले असतात. अठराने ते मोडतात.

जुने इंजिन विकत घेत असाल, तर आणखी एक. विक्रेत्याकडे गेल्याबरोबर इंजिनावर हात ठेवा. गरम लागले, तर समजा की तुम्ही येण्याआधी ते चालवून ठेवले आहे. तापलेले इंजिन लगेच सुरू होते. थंड इंजिन पहिल्या दोन-चार हातांत सुरू झाले पाहिजे. “उद्या सकाळी येतो, हात लावू नका,” असे सांगून परत यावे. पावती घ्यावी, आणि इंजिनावर कोरलेला नंबर पावतीवर लिहून घ्यावा.

आता बदलायचे काम. हे काम उन्हाळ्यात करावे. मृग तोंडावर आल्यावर करू नये. घाईत बोट जाते.

टिलर धुऊन घ्यावा. सपाट जागी उभा करून चाकांना पुढून-मागून दगड लावावेत. इंजिन निघाले की पुढचा भार जातो आणि यंत्र मागे कलंडते, म्हणून मागे आणि पुढे दोन्हीकडे लाकडी ओंडके आधीच देऊन ठेवावेत. डिझेल, पाणी, ऑइल काढून घ्यावे. जळके ऑइल ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये. डब्यात भरून ठेवावे. विडीकाडी लांब. मग पट्ट्यांवरचे झाकण, ॲक्सिलरेटरची तार, दिव्याची वायर सोडवावी. प्रत्येक तारेला कागदाची चिठ्ठी बांधावी आणि ती कुठली ते लिहावे. मोबाईल असेल तर फोटो काढून ठेवावा. तरी चिठ्ठी बांधावीच. फोनला ऑइलचे हात लागले की त्यातला फोटो सापडत नाही. बोल्ट निघतील तसे एका ताटलीत ठेवावेत. ताटलीला मुले आणि कोंबड्या यांपासून जपावे.

पट्टे सैल करून काढावेत. खालचे चार बोल्ट काढावेत. गंजलेले असतील तर आदल्या रात्री त्यांना डिझेल लावून ठेवावे.

सव्वाशे किलोचे इंजिन चार जण हातांनी उचलू म्हणतात. उचलतातही. पण एकाचा पाय घसरला की चौघांवर येते. आमच्या शेजारच्या वाडीत एकाच्या पायाची दोन बोटे अशीच गेली. तीन जाड वाशांची तिकाटी करावी. वाशांचे बुंधे जमिनीत थोडे पुरावेत, वर साखळीने घट्ट बांधावे, आणि मधे चेनपुली लावावी. चेनपुली भाड्याने मिळते. साखळी इंजिनाच्या मुख्य अंगाखालून किंवा उचलायच्या कडीतून घ्यावी. डिझेलची टाकी, सायलेन्सर, नळ्या यांना कधीही बांधू नये. लटकलेल्या इंजिनाखाली हात, पाय, डोके काहीही घालू नये.

नवे इंजिन तसेच वरून उतरवावे. बोल्ट आधी सैल ठेवावेत, कारण दोन्ही पुल्या एका रेषेत आणायच्या असतात. त्यासाठी गवंडी वापरतो ती ओळंब्याची दोरी पुरते. दोन्ही पुल्यांच्या तोंडांवरून दोरी ताणून धरावी. दोरी चारही ठिकाणी टेकली पाहिजे. एके ठिकाणी जरी फट दिसली तरी पट्टा तिरका चालतो आणि कडेने झिजतो. पट्टे घालून इंजिन पुढे सरकवावे. दोन पुल्यांच्या मधोमध अंगठ्याने दाबल्यावर पट्टा एक ते दीड सेंटिमीटर दबला पाहिजे. त्याहून सैल असला तर घसरतो, ताठ असला तर बेअरिंग खातो. मग चारही बोल्ट कोपऱ्याकोपऱ्याने, थोडे थोडे आवळावेत. पट्टे नवेच घालावेत, आणि सगळे एकदम बदलावेत. एक नवा आणि दोन जुने असे केले तर सगळे ओझे नव्यावर पडते.

नवे इंजिन पुष्कळदा ऑइलशिवाय येते. हे फार महत्त्वाचे आहे, म्हणून पुन्हा लिहितो. नवे इंजिन पुष्कळदा ऑइलशिवाय येते. हँडलला हात लावण्याआधी पट्टीवरच्या खुणेपर्यंत ऑइल घालावे. खुणेच्या वर घालू नये. रेडिएटरमध्ये पाणी भरावे. डिझेल गाळून भरावे. नळीत हवा अडकलेली असते, ती काढल्याशिवाय इंजिन पेटत नाही. पंपाजवळचा हवेचा स्क्रू सैल करावा. आधी फेस येईल, मग सलग डिझेल येईल. मग स्क्रू आवळावा. दाब सोडायची कळ उचलून वीस-तीस वेळा हँडल फिरवावे, म्हणजे ऑइल सगळीकडे पोचते.

हँडल धरताना अंगठा इतर चार बोटांच्या बाजूलाच ठेवावा, दांड्याभोवती मूठ वळू नये. हँडलने उलटा फटका मारला तर ते हातातून सुटून जाते, अंगठा मोडत नाही. आणि सुरू करण्याआधी यंत्र गोठ्याबाहेर आणावे. बंद जागेतल्या धुरात एक विषारी वायू असतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणूस बसल्या जागी झोपतो आणि उठत नाही.

जवळ एक लाकडी फळीही असू द्यावी. कधी कधी डिझेल इंजिन स्वतःचेच ऑइल ओढून जाळू लागते आणि पिसाळल्यासारखे पळत सुटते. कॉक बंद केली तरी थांबत नाही. अशा वेळी हवा आत घेण्याचे तोंड फळीने दाबून बंद करावे. हवा तुटली की ते थांबते. हात कधीही लावू नये.

नवे इंजिन पहिले काही दिवस हलक्या कामाला लावावे. पहिले ऑइल लवकर बदलावे. पुस्तिकेत तास लिहिलेले असतात, ते बहुधा २० ते ५० च्या आत असतात. घासून निघालेले लोखंडाचे कण त्या पहिल्या ऑइलमध्ये येतात.

आता आपण वर एक प्रश्न सोडून दिला होता. जुने इंजिन झिजले कशाने? आमच्या मिस्त्रींचे उत्तर एका शब्दाचे होते. धूळ. कोरड्या रानात पाती फिरतात तेव्हा टिलर स्वतःच धुळीचा ढग उठवतो, आणि त्याच ढगातून श्वास घेतो. वाळूचा कण लोखंडापेक्षा कठीण असतो. तो पिस्टन आणि लायनर यांच्यामध्ये गेला की कानशीसारखा घासतो. त्याला अडवायला हवेची गाळणी असते. तिच्या तळाशी वाटीत ऑइल असते, आणि धूळ त्यात बसते. वाटीतले ऑइल चिखलासारखे झाले, की पुढची धूळ सरळ आत जाते. गाळणीला दोन-तीन वाट्या ऑइल लागत असेल. ते वाचवायला जाऊन लोक अख्खे इंजिन घालवतात. कोरड्या रानात काम असेल त्या दिवशी वाटी रोज बघावी. गाळणीपासून इंजिनापर्यंतची रबरी नळीही तपासावी. तिला चीर पडली असेल तर गाळणी कितीही स्वच्छ असून उपयोग नाही, कारण धुळीला मागचे दार उघडेच आहे. इंजिन बदलताना ही नळी नवीच घालावी.

आमच्या वर्गात आता प्रत्येक टिलरवाल्याजवळ एक वही आहे. तिची सुरुवात त्या पाटल्यावाल्या बाईंनी केली. वही दिव्याच्या कोनाड्यात असते, आणि दीर रानातून आले की आधी तिच्यात लिहितात, मग पाणी मागतात. त्यांच्या वहीतले एक पान त्यांच्या परवानगीने इथे देतो.

सोमवार. वरचे खाचर. ४ तास. गाळणी पुसली.
मंगळवार. ओढ्याकडचे खाचर. ५ तास. धूर नाही.
बुधवार. पाऊस. काम नाही.
गुरुवार. शेजाऱ्यांचे रान. ६ तास. काळा धूर आला. गाळणीत चिखल होता. धुतली. ऑइल घातले. धूर गेला.
एकूण १५ तास.

सोडवा :

१. एका टिलरचे जुने इंजिन मिनिटाला २००० फेरे घेत होते. त्याची पुली १३२ मिलिमीटरची होती. नवे इंजिन २२०० फेरे घेते. नवी पुली किती मिलिमीटरची पाहिजे?

२. वरच्या वहीप्रमाणे ऑइल बदलून १५ तास झाले. पुस्तिकेत २५ तासांनी ऑइल बदला असे लिहिले आहे. रोज ५ तास काम केले, तर आणखी किती दिवसांनी ऑइल बदलावे लागेल?

३. तुमच्या टिलरच्या इंजिनावरची पत्र्याची पट्टी पुसून स्वच्छ करा. तिच्यावरचा नंबर, एच. पी. आणि आर. पी. एम. आपल्या वहीत मराठी आकड्यांत लिहा.